हा वास येतो कुठून?

नाशिकला द्राक्षांची तोडणी मार्चच्या मध्यापर्यंत उरकते. टाक्या भरून झालेल्या असतात, प्रयोगशाळेतली धावपळ ओसरते आणि रजा मागायला तेवढाच काळ मोकळा मिळतो. गेल्या वर्षी मी साठवलेली सगळी रजा एकदम मागितली आणि पाच आठवडे गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे माझ्या आजोळी जाऊन राहिले. मामांच्या काजूच्या फेणीच्या भट्टीवर.

मी डिचोलीची. सात वर्षं वायनरीत काम करते. शेनिन ब्लांचा रस किती अंशांवर आंबवायचा, शिराझची सालं रसात किती दिवस राहू द्यायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण एकदा एका सहकाऱ्याने मी घरून नेलेल्या फेणीचा वास घेतला आणि विचारलं, "हा वास येतो कुठून? फळातून, आंबण्यातून की भांड्यातून?" मला नीट उत्तर देता आलं नाही. ज्या घरातली ती फेणी, त्या घरात माझी आई जन्मली. ते मला फार लागलं.

लहानपणी आम्ही मुली मामीच्या मागे बोंडू, म्हणजे काजूचं फळ, वेचायला जायचो, पण भट्टीच्या माटवाखाली, म्हणजे मांडवाखाली, आम्हाला कोणी बसू देत नसे. म्हणून फोन करताना जरा धाकधूक होती. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यो बाय. पूण पयलीं वेंचूंक शीक."

आधी वेचायला शीक. पहिले सहा दिवस मी भट्टीचं तोंडही पाहिलं नाही.

पहाटे साडेपाचला मामी, शेजारच्या दोघी बायका आणि मी डोंगरावर जायचो. काठीच्या टोकाला खिळा, कमरेला ओटी, डोक्यावर पाटी. झाडावरचा बोंडू तोडायचा नाही, हा पहिला नियम. आपण होऊन खाली पडलेलाच घ्यायचा. झाडावर असताना तो रंगाने पिकल्यासारखा दिसतो, पण त्याचा तुरटपणा गेलेला नसतो. एक तोडून खाल्ला आणि घसा दिवसभर आवळल्यासारखा राहिला. पडलेला बोंडू हातात घेतला की सालीखाली नुसता रस जाणवतो, आणि त्या वासात थोडं पिकलेलं, थोडं रानटी असं काही असतं ते फेणीत शेवटपर्यंत राहतं. सहकाऱ्याच्या प्रश्नाचं एक उत्तर मला तिथेच, झाडाखाली मिळालं.

मामी बी पिळून काढते ती एका झटक्यात. माझ्या हाताने निम्मा बोंडू बीबरोबर यायचा. बी वेगळ्या पोत्यात जाते. घराला रोख पैसा आधी बीचाच मिळतो, रसाचा नंतर.

द्राक्षाच्या मळ्यातून आलेल्या माणसाला काजूचा डोंगर पहिल्यांदा बेवारशी वाटतो. आमच्याकडे वेलीला वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमाराला, छाटतात. एका वेलीवर किती घड ठेवायचे ते मोजलेलं असतं. इथे जांभ्या दगडाच्या उतारावर झाडं हवी तशी वाढलेली. ना ठिबक, ना तारा. हंगामाआधी तळाचं गवत आणि झुडपं तेवढी साफ करतात, फळ दिसावं आणि आग धरू नये म्हणून. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात वणवे पेटले, त्या दिवसांपासून मामा ही सफाई जास्तच जिवावर घेऊन करतात.

पण बेवारशी काही नव्हतं. मामांना झाड न् झाड माहीत आहे. व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, झाडांचा रस पाणचट, वरच्या कातळावरच्यांचा गोड, आणि मधल्या वाटेवरच्या एका जुन्या झाडाचा इतका उग्र की मामा तो वेगळा ठेवतात. मी नाशिकहून रिफ्रॅक्टोमीटर आणला होता. रसातली साखर तो ब्रिक्स या मापात दाखवतो. व्हाळाकडच्या रसाला १० ब्रिक्स, कातळावरच्याला १३. मामांनी बोटाने रस जिभेला लावून लावलेला क्रम आणि माझ्या यंत्राचा क्रम एकच निघाला. द्राक्षं आम्ही २२ ते २४ ब्रिक्सवर तोडतो. म्हणजे बोंडवाच्या रसात साखर जेमतेम निम्मी. त्यातून निघणारं मद्यही तितकंच कमी, म्हणून पुन्हा पुन्हा गाळावं लागतं. हे गणित मला येत होतं. मामांना ते चुलीवर बसून कळलेलं होतं.

आणखी एक गोष्ट वेचताना कळली. सकाळचा बोंडू संध्याकाळी मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी नासतो. द्राक्षं क्रेटमध्ये भरून रात्रीत पन्नास कोस नेता येतात, बोंडू डोंगराखालच्या गावातसुद्धा नेववत नाही. म्हणून भट्टी झाडांपाशीच हवी आणि ती लहानच असायला हवी. सत्तरीत, पेडण्यात, काणकोणात घराघराची भट्टी झाली ती या फळाच्या स्वभावामुळे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणलं. पुढे त्याच्या रसाचं जे झालं ते इथल्या घरांनी केलं.

सातव्या दिवशी मला कोळंबीत उतरवलं. कोळंबी म्हणजे इथे जांभ्यात कोरलेला उथळ हौद, एका बाजूला उतार आणि रस वाहायला भोक. मामांच्या आजोबांनी ती कोरून घेतली. कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की हात फिरवावासा वाटतो. पूर्वी अनवाणी तुडवायचे, आता गुडघ्यापर्यंत गमबूट. रस अंगाला लागला की खाजतं आणि कपड्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही.

शिकत असताना आम्हाला पोर्तुगालातल्या दोरू नदीच्या खोऱ्याबद्दल सांगितलं होतं. खऱ्या पोर्ट वाइनचं गाव ते. १७५६ मध्ये तिथला मंत्री, पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेलेला, याने त्या प्रदेशाची हद्द आखून दिली, आणि तिथली काही घराणी अजूनही ग्रॅनाइटच्या उथळ हौदात द्राक्षं पायाने तुडवतात. त्या हौदाला लागार म्हणतात. माणसाच्या पायाखाली बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही, हे कारण मी परीक्षेत लिहिलं होतं. कोळंबीत पाय टाकला तेव्हा त्या ओळी आठवल्या. दोरूच्या लागारवर पुस्तकं निघतात, माणसं विमानाने बघायला जातात. आमच्या डोंगरावरच्या दगडी कोळंबीचा साधा फोटोही आमच्या घरात नव्हता. मी काढला, बाजूंनी मोजून मापं लिहून घेतली.

तुडवून झालेला चोथा गोळा करून त्याचा ढीग रचतात, वेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. बऱ्याच ठिकाणी आता स्क्रूचं पिंजरं आलं आहे, मामांकडेही आहे. पण शेवटचा ढीग ते दगडाखालीच ठेवतात. रात्रभर त्यातून थेंब थेंब गळतो तो नीरो. सकाळी मामीने पेला भरून दिला. थंड, स्वच्छ, गोड, आणि मागे अगदी पुसटसा तुरटपणा. मला कुठल्याही शीतपेयापेक्षा तो आवडतो. दुपारपर्यंत तो फसफसायला लागतो, म्हणून बाटलीत भरून डिचोलीला आईला पाठवता आला नाही, याची हळहळ वाटली.

मग रस कोड्यांत जातो. कोडें म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं मोठं मडकं. मामांकडे अशी चार उरली आहेत, बाकी रस निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांत. इथे माझा आणि मामांचा पहिला मतभेद झाला. वायनरीत रस टाकीत आला की आम्ही सल्फाइट घालतो, रानटी जंतू दाबतो आणि पाकिटातलं यीस्ट सोडतो. टाकीत काय वाढेल ते आम्ही ठरवतो. मी कोडीं सोड्याच्या गरम पाण्याने धुऊया म्हटलं. मामांनी हात धरला. पाण्याने आणि काथ्याने घासायचं, बस्स. "ताचो वास वता," म्हणाले. त्याचा वास जातो.

वास म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण मला ते दिसत होतं. मातीच्या छिद्रांत मागच्या रसांचं यीस्ट मुरून बसलेलं. रसात काहीही न घालता दुसऱ्या सकाळी कोड्यातून आवाज येत होता, तव्यावर बारीक पाऊस पडावा तसा. तिसऱ्या दिवशी फेस बसला, आवाज तुटक झाला, गोडी गेली आणि आंबट-कडू चव आली. मामा रोज कान लावून ऐकत. आवाज पुरता थांबण्याच्या थोडं आधी रस भट्टीवर चढला पाहिजे. एक दिवस जास्त गेला तर तो शिरक्याकडे वळतो. ड्रमातला रस आणि कोड्यातला रस मी शेजारी शेजारी चाखला. दोन्ही चांगले होते. कोड्यातला जास्त चांगला होता.

भट्टीवर मला बसायला मिळालं ते दहाव्या दिवशी.

भाण म्हणजे गाळायचं भांडं, मामांचं तांब्याचं, ८० लिटरच्या आसपास रस मावेल असं. ते चुलीत पक्कं बसवलेलं. त्याच्या गळ्यातून नळो निघतो आणि लावणीत उतरतो. लावणी म्हणजे वाफ थंड होऊन जिच्यात उतरते ते मडकं, पाण्याच्या टाक्यात बसवलेलं. तिच्या पाठीवर सतत गार पाणी ओतत राहायचं. हल्ली बहुतेकांनी टाकीत तांब्याचं वेटोळं बसवून हे काम सोपं केलं आहे. मामा लावणीवर अडून आहेत, कारण लावणीला हात लावून आत काय चाललंय ते कळतं.

सांधे लिंपायला वारुळाची माती लागते. ती तापली तरी तडकत नाही. सत्तरीत सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, त्यामुळे मामा नांदत्या वारुळाला फावडं लावत नाहीत. पावसाने ढासळलेल्या, सोडून दिलेल्या वारुळाचीच माती आणतात, तीही ओंजळीने. ती भिजवून, चिंधीबरोबर मळून भाणाच्या तोंडाशी लावायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी वाफ सुटली. मामांनी ओल्या बोटाने भेगा बुजवल्या आणि बोट कसं फिरवायचं ते तीनदा दाखवलं.

चूल सकाळी सहाला पेटली. पहिला तास काहीच घडत नाही. मग नळो गरम होत होत लावणीपर्यंत येतो, आणि एकदम पहिला वास सुटतो: तिखट, नाकात जाणारा, नेलपॉलिशच्या जवळचा. हे सगळ्यात आधी उडणारे हलके पदार्थ. मी पुस्तकी नावाने ते ओळखत होते. मामांनी ती पहिली वाटी उचलली आणि मागच्या झाडाच्या बुंध्यापाशी राखणदाराला ओतली. दर हंगामात, दर भाणाला. जे पिऊ नये ते बाजूला निघतं आणि ज्याने डोंगर राखला त्याचा मानही होतो. पणजोबांपासून हे असंच चालत आलं आहे, आणि त्यात एकही चूक मला काढता आली नाही.

यानंतर जे येतं ते हुर्राक. पहिल्या गाळपाचं, हलकं, फळाच्या वासाने भरलेलं. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून सारा गोवा एप्रिलभर ते पितो. ते टिकत मात्र नाही. हंगामाबाहेर त्याची चव उतरते, म्हणून लगेच विकलं जातं आणि पैसेही लगेच हातात येतात. ज्याच्या घरी शाळेची फी आणि कामगारांची मजुरी थांबलेली असते तो हुर्राक विकून मोकळा होतो, फेणीपर्यंत जात नाही. मामांच्या ओळखीतल्या किती तरी घरांची फेणी अशीच थांबली.

पंधराव्या दिवशी माझ्या हातून एक भाण गेलं. सगळे शेजारच्या गावात गेले होते. हुर्राकाचं गाळप मी एकटी सांभाळेन म्हटलं आणि मामांनी विश्वास ठेवला. धार बारीक वाटली म्हणून मी चुलीत दोन लाकडं वाढवली. पाच मिनिटांत भाणातून गदगद आवाज आला, रस फेसाळून वर चढला आणि नळ्यातून सरळ लावणीत आला. लाकडं ओढून काढली, पण उशीर झाला होता. लावणीतलं पाणी गढूळ, तांबूस, आणि करपल्याचा वास. भाणाच्या तळाला रस जळला होता. मी चुलीपाशी बसून रडले. तो रस वेचायला मामी आणि दोघी बायका तीन दिवस उन्हात वाकल्या होत्या.

मामांनी रात्री येऊन वास घेतला. रागावले नाहीत. राख आणि काथ्या दिला, आणि आम्ही दोघांनी बत्तीच्या उजेडात तळ घासला. घासताना त्यांनी सांगितलं की धार डोळ्यांनी बघायची नसते. भाण शांत असेल तर आत पाणी उकळल्याचा एकसारखा घुमा आवाज येतो. तो तुटायला लागला की आधी लाकूड ओढायचं, मग बघायचं. "उजो ल्हान, वेळ व्हड," म्हणाले. आग लहान, वेळ मोठा. पुढचे चार दिवस मी धारेकडे पाठ करून बसले आणि नुसतं ऐकलं.

फेणीसाठी हुर्राक पुन्हा भाणात जातो, त्यात आंबलेला रस मिसळून. जुन्या काळी तीनदा गाळायचे आणि मधल्या गाळपाला काजुलो म्हणायचे. आता बहुतेक भट्ट्यांवर दोनदाच. या वेळी आग अगदीच मंद, आणि सकाळी चढवलेलं भाण दुपार कलल्यावर उतरतं. जोर ग्रावात मोजतात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं माप. मामांकडे काचेचा ग्राव आहे, पण ते आधी बाटली हलवतात. हलवल्यावर वर मण्यांसारखे बुडबुडे येतात आणि किती वेळ टिकतात त्यावरून ते आकडा सांगतात. १९ म्हणाले, काचेने १९ दाखवलं. या फेसावरूनच, फेणावरून, फेणी हे नाव आलं असं सांगतात. तो फेस हातातल्या बाटलीत उभा राहिलेला पाहिला तेव्हा मला ते पटलं.

सगळ्यात अवघड, कुठे थांबायचं ते. शेवटी शेवटी धार मऊ पडते, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. तो थोडा आत घेतला तर फेणी वाढते, लिटरमागे पैसे वाढतात. मामा तो येण्याच्या आधीच लावणी बदलतात. आजोबाही तसंच करायचे, म्हणून आमच्या घरची फेणी पहिल्या घोटाला तिखट आणि मागे स्वच्छ लागते. डोंगराच्या पलीकडच्या एका घरची जड आणि तेलकट असते. तीही मान्य असलेली, त्यांची स्वतःची. वाइनच्या जगात याला घराण्याची शैली म्हणतात आणि बाटलीवर छापतात. इथे ती गराफांवावर चिकटवलेल्या कागदावरच्या वर्षाएवढीच लिहिलेली असते. गराफांव म्हणजे वेताच्या टोपलीतली ती मोठी काचेची बाटली.

सहकाऱ्याला मी त्याच रात्री उत्तर लिहिलं. पडलेल्या फळातून, न धुतलेल्या मातीतून, तांब्याच्या भाणाखालच्या लहान आगीतून आणि कुठे थांबायचं ते ठरवणाऱ्या हातातून.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हटलं. मला दोन्हींचा खरा अभिमान आहे. पण भट्टी चालते ती पावणीवर, म्हणजे लिलावावर. काजूच्या डोंगरांचे झोन करून अबकारी खातं त्यांचा लिलाव करतं, आणि झोन ज्याने घेतला त्याच्या हाताखाली इतरांना गाळावं लागतं. मामांचा झोन काही वर्षं बाहेरच्या एकाकडे होता. त्याला रस हवा होता, फेणीशी त्याला देणंघेणं नव्हतं. रसात गूळ घालून गाळप वाढवा म्हणून त्याने सांगितलं. मामांनी नकार दिला आणि ते वर्ष भट्टी थंड राहिली. त्या वर्षीचा गराफांव घरात नाही. फळीवर दोन वर्षांच्या मधे रिकामी जागा आहे. मामीने ती भरलेली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, मी निघण्याच्या आधी दोन दिवस, अवकाळी सर आली. पाऊस लागलेल्या बोंडवात पाणी भरतं, रस पाणचट होतो आणि हंगाम संपतो. शेवटचं भाण मी चढवलं, मी उतरवलं. लावणी कधी बदलायची तेवढं मामांनी मला सांगितलं नाही, पाण्याची घागर भरायला निघून गेले. मी लावणीला हात लावला, आवाज ऐकला आणि वास बदलायच्या आधी बदलली. मग आम्ही भाण धुऊन उपडं घातलं. मामीने दुखशिरीची औषधी मुळं धुऊन एका बाटलीत घातली आणि वर फेणी ओतली. माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणानंतर अंग चोळायला लागणार होती.

पुढच्या पावणीसाठी मामा, व्हाळापलीकडचे शेजारी आणि ते तेलकट फेणीवालं घर अशी तिघांनी मिळून बोली लावायचं ठरवलं आहे. माझ्या बचतीतले काही पैसे मी त्यात घातले. अर्ज आणि हिशेब मी करते आहे, आणि लिलावाच्या दिवशी रजा टाकून मामांच्या शेजारी बसणार आहे.